दिवसा चोवीस, रात्री उणे एक: हॅरोतल्या अर्ध्या प्लॉटच्या नोंदी, वसंत 2021

शनिवार, 6 मार्च

लंडनच्या हॅरो भागात, भाड्याच्या भाजीपाल्याच्या तुकड्यांपैकी (इथे त्यांना अलॉटमेंट म्हणतात) एक अर्धा प्लॉट. तो पाच रॉडचा, म्हणजे सुमारे 126 चौरस मीटर. आपल्या हिशोबाने सव्वा गुंठा. पूर्ण प्लॉट दहा रॉडचा असतो, हा त्याचा अर्धा. माती लंडन क्ले: पिवळट तपकिरी, चिकण, ओली असताना बुटाला धरून येणारी आणि सुकली की विटेसारखी. मूठभर माती दाबून गोळा केला आणि तो अंगठ्याने ढकलल्यावर फुटण्याऐवजी चेपला, म्हणजे आज वाफ्यात पाय टाकायचा नाही. टाकलाच तर फळीवरून, कारण ओल्या चिकणमातीवर एकदा वजन पडलं की तिथली पोकळी वर्षभर परत येत नाही.

यंदा तीन थर्मामीटर लावले. पहिला कमाल-किमान, जमिनीपासून 1.25 मीटरवर, शेडच्या उत्तर बाजूला सावलीत. हवामान खातंही हवेचं तापमान त्याच उंचीवर मोजतं. दुसरा गवताच्या पात्यांना टेकून. तिसरा मातीत 10 सेंटीमीटर खोल, रोज सकाळी नऊला वाचायचा. आजचे आकडे: हवा किमान उणे 1, गवत उणे 4, माती 4.5.

हवा आणि गवत यांच्यातली ही तफावत इथे नवख्याला नडते. अंदाजात ‘रात्री किमान 3’ असं दिसलं की माणूस निर्धास्त झोपतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमीन रात्रभर उष्णता आकाशाकडे टाकत राहते आणि तिच्यालगतची थंड हवा तिथेच साचते. वर 3 असताना खाली उणे 1 सहज होतं. आणि रोपं खाली असतात.

रविवार, 7 मार्च

बटाट्याच्या दोन ओळींच्या जागेवर काळं पॉलिथिन अंथरलं, कडा मातीत गाडल्या. तीन आठवड्यांत माती एक-दोन अंश जास्त तापेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाऊस आत मुरणार नाही, आणि कोरडी माती ओल्या मातीपेक्षा लवकर गरम होते.

बियाण्याचे बटाटे अंड्याच्या ट्रेमध्ये, जास्त डोळ्यांची बाजू वर, थंड पण उजेडाच्या खोलीत. उजेडात मोड आखूड, जाड, जांभळट येतात. अंधारात पांढरे, लांब येतात आणि लावताना मोडतात. जाती दोन: स्विफ्ट दोन किलो, शार्लट दोन किलो.

घरात हीटेड ट्रेवर मिरची (25 अंश, फेब्रुवारीत पेरलेली, आता चार पानांवर) आणि टोमॅटो आज पेरले (20 अंश). उगवले की लगेच उष्णतेवरून काढून खिडकीत न्यायचे. मार्चमधला इथला उजेड 20 अंशांना पुरत नाही. उष्णता जास्त आणि उजेड कमी झाला की रोप सुतासारखं लांबतं.

गुरुवार, 11 मार्च

रात्रभर वारा. काळं पॉलिथिन एका कोपऱ्यातून उघडलं. कडेवर नुसत्या विटा ठेवलेला कोपरा उडाला, गाडलेले तीन जागचे हलले नाहीत. 15 सेंटीमीटर खोल चर काढून चौथाही गाडला.

शनिवार-रविवार, 13-14 मार्च

कोल्ड फ्रेम, म्हणजे पारदर्शक झाकणाचं लाकडी खोकं, बांधली. घर आणि उघडा वाफा यांच्यामधली ही खोली. तिच्याशिवाय इथला एप्रिल निभत नाही.

लाकूड: 150 बाय 22 मिलिमीटरच्या प्रक्रिया केलेल्या फळ्या, 2.4 मीटर लांबीच्या पाच. मापं आतून 120 बाय 75 सेंटीमीटर. मागची भिंत तीन फळ्यांची, म्हणजे 45 सेंटीमीटर. पुढची दोन फळ्यांची, 30. बाजूच्या भिंती दोन-दोन फळ्यांच्या, आणि त्यावर उताराचा त्रिकोण. हे त्रिकोण वेगवेगळे मोजत बसायचं कारण नाही. 75 सेंटीमीटरचा एकच तुकडा कर्णावर कापला की दोन्ही बाजूंचे दोन त्रिकोण निघतात, माप आपोआप जुळतं. कोपऱ्यांत 50 बाय 50 मिलिमीटरचे खुंट, मागे 45 आणि पुढे 30 सेंटीमीटरचे, प्रत्येक फळीला दोन स्क्रू. कापलेल्या टोकांना लाकडाचं संरक्षक द्रावण पुन्हा लावलं. कारखान्यातली प्रक्रिया पृष्ठभागापुरती असते आणि फळी सडायला सुरुवात कापलेल्या तोंडापासूनच होते.

झाकण 6 मिलिमीटरच्या दुहेरी पॉलिकार्बोनेटचं, 125 बाय 82. त्यातल्या नळ्या उताराच्या दिशेने, वरून खाली यायला हव्यात. आडव्या बसवल्या तर आत साचलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि दोन महिन्यांत हिरवं शेवाळ धरतं. वरची तोंडं अॅल्युमिनियम टेपने पूर्ण बंद केली. खालच्या तोंडांना सच्छिद्र टेप, म्हणजे पाणी जाईल, किडे येणार नाहीत. ज्या बाजूच्या पातळ कागदावर अतिनील संरक्षणाची खूण असते ती बाजू वर. कागद काढायच्या आधी पेन्सिलीने खूण करून ठेवायची, नंतर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा 3 मिलिमीटर मोठी, खाली रबरी वॉशर. हा पत्रा उन्हात वाढतो, थंडीत आखडतो. घट्ट भोक ठेवलं तर तिथूनच तडकतो.

झाकणाला ऑटोव्हेंट बसवला. नळीतलं मेण तापून फुगतं आणि दांडा झाकण उचलतो. वीज लागत नाही. उघडणं 18 अंशांवर लावलं.

एक चूक आताच दिसते आहे. झाकण जेमतेम दीड-दोन किलोचं झालं. ऑटोव्हेंटला ते हलकं म्हणून आवडेल, वाऱ्यालाही. पुढच्या कडेला दोन हुक लावले, पण हुक लावलेले असताना ऑटोव्हेंट चालणार नाही. ज्या दिवशी ऊन आणि वारा दोन्ही असतील (म्हणजे इथला दर दुसरा दिवस) त्या दिवशी काय करायचं, हे अजून सुटलेलं नाही.

तोंड दक्षिणेला. आत मागच्या भिंतीला टेकून पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या पाच काळ्या बाटल्या. दहा लिटर पाणी रात्रीत दहा अंशांनी थंड झालं तर सुमारे 0.12 युनिट उष्णता सोडतं. दहा तासांत वाटली तर जेमतेम बारा वॉटच्या दिव्याएवढी. थोडी आहे, पण बंद खोक्यात एक-दीड अंशाचा फरक पाडायला ती पुरते, आणि फुकट आहे.

शनिवार, 20 मार्च

माती 7. कुंपणात ब्लॅकथॉर्न फुलला आहे, पानांआधी नुसती पांढरी फुलं. तो फुलला की थंडी एकदा परत येते असं इथले जुने लोक मानतात आणि त्या थंडीला ‘ब्लॅकथॉर्नचा हिवाळा’ म्हणतात. झाडाला काही कळतं असं नाही. मार्चअखेर ते एप्रिल हा उत्तरेच्या वाऱ्याचाच काळ आणि झाड नेमकं तेव्हा फुलतं. पंचांग म्हणून मात्र चालतं.

फ्लीससाठी, म्हणजे रोपांवर थंडीत अंथरायच्या हलक्या कापडासाठी, कमानी केल्या. पाण्याच्या निळ्या 20 मिलिमीटर नळीचे दोन-दोन मीटरचे तुकडे, 1.2 मीटर रुंद वाफ्यावर. दोन्ही कडांना 12 मिलिमीटरच्या बांबूच्या काठ्या 30 सेंटीमीटर ठोकल्या आणि नळीची टोकं त्यांच्यावर चढवली. कमानीतलं अंतर 80 सेंटीमीटर. मध्यावर सगळ्या कमानींना जोडणारी एक सुतळी ताणली. ती नसेल तर पावसाचं पाणी दोन कमानींच्या मध्ये झोळ करतं. फ्लीस चौरस मीटरला 30 ग्रॅमची, तीन मीटर रुंद. 17 ग्रॅमवाली स्वस्त असते, साधारण दोन अंश सांभाळते, पण एका हंगामात चिंध्या होतात.

रविवार, 28 मार्च

घड्याळं तासभर पुढे. मातीचं वाचन आजपासून सकाळी दहाला, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने पूर्वीच्याच वेळेला. नऊलाच वाचत राहिलो तर एका रात्रीत माती अर्धा अंश थंड झाल्यासारखी दिसेल आणि आठवडाभर उगीच कोडं पडेल.

कोविडचे निर्बंध सैल होत आहेत: उद्यापासून घराबाहेर दोन कुटुंबांना एकत्र येता येईल. खोदाईला चार हात मिळतील.

मंगळवार, 30 मार्च

प्लॉटवर सावलीत 23.8. लंडनमधल्याच क्यू गार्डन्सला 24.5, मार्चमध्ये एवढं तापमान 1968 नंतर आजच. आजूबाजूच्या प्लॉटवर लोक बनियनवर. कोणी टोमॅटोची रोपं लावत होतं, कोणी फरसबी टोकत होतं.

कोल्ड फ्रेममध्ये दुपारी एकला 41. ऑटोव्हेंट पूर्ण उघडलेला होता, तरी. झाकण एकाच कडेने, 30 सेंटीमीटर उघडतं आणि वारा नसेल तर तेवढं पुरत नाही. वांग्याची दोन रोपं मान टाकून होती. झाकण पूर्ण काढलं, रोपं सावलीत नेली, वरून पाणी न मारता कुंड्यांच्या तळाशी पाणी ठेवलं. संध्याकाळी उभी राहिली. पुढे नियम असा: अंदाज 18 च्या वर असेल तर सकाळी निघताना झाकण विटेवर अर्धं उघडंच ठेवायचं, ऑटोव्हेंट हा मदतनीस, राखणदार नव्हे. ढग आला तरी मेण थंड व्हायला पंधरा-वीस मिनिटं घेतं, तोवर दुसरं ऊन येतं. दर दहा मिनिटांनी आकाश बदलणाऱ्या देशात हे यंत्र कायम एक ढग मागे असतं.

माती 10. बटाट्यासाठी 7-8 पुरते, म्हणून लावले. पण अर्धेच: स्विफ्टची एक ओळ, 13 सेंटीमीटर खोल, दोन बटाट्यांत 30, ओळींत 60 सेंटीमीटर. दुसरी ओळ दोन आठवड्यांनी. मातीच्या वर येणारं काहीही आज लावलं नाही, कारण शनिवारनंतरचा वारा अंदाजात उत्तरेचा दिसतो आहे.

शुक्रवार, 2 एप्रिल

दाब-नकाशात ग्रीनलंडकडे उच्च दाब, स्कँडिनेव्हियाकडे कमी. या दोघांच्या मधून आर्क्टिकवरची हवा सरळ खाली येते. मंगळवारची हवा दक्षिणेची होती. ऋतू तोच, उन्हाचा कोन जवळजवळ तोच, फक्त वाऱ्याचं मूळ बदललं. इथल्या वसंतात तापमान सूर्य ठरवत नाही, वारा कुठून निघाला ते ठरवतं. बेटाभोवतीचा समुद्रही फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षातला सगळ्यात थंड असतो, त्यामुळे पूर्वेचा किंवा उत्तरेचा वारा वाटेत फारसा तापत नाही.

संध्याकाळी सहाला बघायच्या तीन गोष्टी फळ्यावर लिहिल्या: रात्री ढग किती, वारा ताशी पाच मैलांच्या आत आहे का, दवबिंदू किती. निरभ्र, शांत आणि दवबिंदू 2 च्या खाली असेल तर शहराचा आकडा काहीही असो, झाकायचं. प्लॉट उताराच्या पायथ्याशी आहे. थंड हवा पाण्यासारखी वाहत येऊन खालच्या कुंपणापाशी तुंबते, म्हणून शहराच्या किमानातून दोन अंश वजा करूनच वाचायचं.

सोमवार-मंगळवार, 5-6 एप्रिल

ईस्टरचा सोमवार. सकाळी ऊन, अकराला हिमाचा भुरका, बाराला पुन्हा ऊन, दोनला गारा. मंगळवारी पहाटे हवा उणे 1, गवत उणे 5. आठवडाभरापूर्वी 23.8.

उघड्यावर लावलेले शेजारचे टोमॅटो काळे पडले. फरसबी उगवलीच नव्हती. ती थंड ओल्या मातीत बहुधा कुजेल.

ब्रॉड बीन्स नोव्हेंबरमध्ये पेरलेले, अॅक्वाडुल्से जातीचे. सकाळी सगळे जमिनीला टेकले होते. त्यांना हात लावायचा नाही, उभं करायला जायचं नाही. गोठलेला देठ वाकवला की मोडतो. दुपारपर्यंत आपोआप सरळ झाले.

प्लमच्या झाडाला पूर्ण फुलोरा. फूल उघडल्यावर उणे 2 च्या आसपास आतला स्त्रीकेसर काळा पडतो. पाकळ्या पांढऱ्याच राहतात म्हणून बाहेरून कळत नाही. झाडावर फ्लीस टाकून बुंध्याशी बांधली. दिवसा काढावी लागते, नाहीतर भुंगे आत जाऊ शकत नाहीत. आज थंडीत मधमाश्या एकही नाहीत, मोठे केसाळ भुंगे मात्र फिरत होते.

सोमवार-मंगळवार, 12-13 एप्रिल

सोमवारी सकाळी लंडनवर बर्फ. त्याच दिवशी पबच्या बागा उघडणार होत्या आणि लोक कोट-टोप्या घालून, छत्र्या धरून बाहेर बसलेही. मंगळवारी पाडवा, पहाटे गवत पांढरं, उणे 4.

फ्लीसखाली किमान उणे 0.5, बाहेर गवताला उणे 4. साडेतीन अंशांचा फरक, पण एका अटीवर. पश्चिमेकडच्या टोकाला कमान खचून फ्लीस मुळ्याच्या पानांना टेकली होती आणि तिथली पानं कापडासकट गोठली. ओलं कापड पानाला लागलं की ते पांघरूण राहत नाही, बर्फाची पट्टी होते.

कोल्ड फ्रेममध्ये किमान 2. बाटल्या, वरून जुनी चादर आणि चादरीवर प्लॅस्टिक. चादर ओली झाली तर निम्मा उपयोग जातो.

बटाट्याची दुसरी ओळ पुढे ढकलली. माती परत 6.5.

रविवार, 18 एप्रिल

महिना अर्धा झाला, पर्जन्यमापकात 3 मिलिमीटर. ‘एप्रिलच्या सरी’ हा इथला पाठ्यपुस्तकी शब्द. यंदा सरी नाहीत, नुसती कोरडी थंडी. चिकणमातीला बोटभर भेगा. 200 लिटरच्या दोन पिंपांपैकी एक संपलं.

पाणी द्यायची वेळ बदलली. उन्हाळ्यात संध्याकाळी देतो, आता सकाळी दहा-अकराला. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री हळू सोडते, म्हणून फ्रॉस्टच्या, म्हणजे पारा शून्याखाली जाणाऱ्या, रात्रीआधी वाफा कोरडा असू नये. पण संध्याकाळी पाणी दिलं तर पानं ओली राहतात आणि पृष्ठभाग बाष्पीभवनाने आणखी थंड होतो. भेगांमध्ये चाळलेलं कंपोस्ट भरलं. पाणी दिल्यावर ते भेगेतून सरळ खाली निघून जाऊ नये म्हणून.

शार्लटची ओळ लावली, माती 9.

शनिवार, 24 एप्रिल

दिवसा 15, रात्री 1. घराघरांत दोन ऋतूंचे कपडे दाराशी टांगलेले. दोरीवरचे कपडे दुपारी दोनपर्यंत सुकले तर सुकले, नंतर दव पडून पुन्हा दमट.

मेथी पेरली, फ्लीसखाली, 20 सेंटीमीटरच्या ओळींत. दुकानातल्या मसाल्याच्या मेथ्याच, रात्रभर भिजवून. माती 10 च्या वर असेल तर आठवड्याच्या आत उगवते, 8 ला दोन आठवडे घेते आणि तोवर कबुतरं शोधून काढतात. कोथिंबिरीसाठी धणे लाटण्याने हलके रगडून दोन केले. एका धण्यात दोन बिया असतात. एकदम सगळे नाही, दर दोन आठवड्यांनी एक ओळ. धक्का बसला की कोथिंबीर फुलावर जाते, आणि इथला वसंत म्हणजे एकामागून एक धक्केच: गारठा, मग एकदम ऊन, मग कोरड. एका हप्त्याची पेरणी बिघडली तरी पुढची असते.

दुधी घरात पेरला, 25 अंशांवर, बी कडेवर उभं. आडवं ठेवलं तर त्यावर पाणी साचून कुजतं. त्याआधी पेरण्यात अर्थ नव्हता. दुधी रात्रीचं 12 मागतो आणि ते इथे जूनशिवाय भरवशाने मिळत नाही. मोठा झालेला वेल खिडकीत गुंडाळून ठेवणं हे काम कोणी करू नये.

शनिवार, 1 मे

एप्रिलचा हिशोब प्लॉटवर: गवताला शून्याखाली 21 पहाटा, हवेला 9. हवामान खात्याच्या 1960 पासूनच्या नोंदींत ब्रिटनभर एप्रिलमध्ये हवेतल्या फ्रॉस्टचे एवढे दिवस कधीच नव्हते, यंदा देशभरात सरासरी 13.

स्विफ्टचे शेंडे वर आले आहेत, गडद हिरवे, मुठीएवढे. आज रात्री गवताला उणे 2 धरून चाललो, म्हणून भर लावली: दोन्ही बाजूंनी फावड्याने माती ओढून शेंडे पूर्ण झाकले. गोठून काळे पडले असते तरी खालच्या डोळ्यांतून फुटतातच, पण दोन-तीन आठवडे मागे जातात आणि लवकरच्या बटाट्याचा मुद्दाच उरत नाही.

सोमवार, 3 मे

बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, त्यामुळे अर्थातच पाऊस. दुपारनंतर जोराचा वारा, रात्रभर झोड. 14 मिलिमीटर, अख्ख्या एप्रिलच्या तिप्पट. पिंपं भरली. फ्लीस दोन ठिकाणी फाटली, दोन्ही फाटे प्लॅस्टिकच्या खुंट्यांपाशी सुरू झालेले. खुंटी कापडाला भोक पाडते आणि वारा ते भोक वाढवतो. सगळ्या खुंट्या काढून कडेवर लांब फळ्या टाकल्या, दाब सारखा पसरतो.

रविवार, 9 मे

वारा दक्षिणेचा, दिवसभर उबदार. टोमॅटोंना बाहेरची सवय लावायला सुरुवात. पहिले दोन दिवस सावलीत दोन तास, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळचं ऊन, पाचव्यापासून दिवसभर, दहाव्यापासून रात्रीही, झाकण किलकिलं ठेवून. घाई केली की पानांवर पांढरे, कागदासारखे डाग पडतात. तो रोग नसतो, काचेमागे वाढलेल्या पानाला लागलेलं ऊन असतं. जुन्या पानांची मागची बाजू जांभळी झाली आहे. 10 अंशांच्या खाली मुळं फॉस्फरस नीट उचलू शकत नाहीत म्हणून. खत घालून फायदा नाही, ऊब आली की नवी पानं हिरवी येतात.

शनिवार, 15 मे

रोज दुपारी तीच गोष्ट. सकाळी स्वच्छ, दहाला कापसाचे पुंजके, एकपर्यंत ते फुलकोबीसारखे वर चढतात, दोन ते पाच गडगडाट आणि वाटाण्याएवढ्या गारा, सहाला लख्ख. घडण आपल्या वळवाचीच: खाली तापलेली जमीन, वर थंड हवा. फक्त वळीव जमिनीच्या उष्णतेवर पोसतो. इथे जमीन फार तापत नाही, वरची हवा फार थंड असते. म्हणून सर छोटी, दहा मिनिटांची, आणि अर्ध्या मैलावर कोरडं.

अंदाजातलं ‘60 टक्के’ अशा दिवशी कामाचं नाही. ती शक्यता असते. पाऊस किती, किती वेळ हे त्यातून कळत नाही. त्यापेक्षा रडारवर मागच्या अर्ध्या तासाची हालचाल बघून सर कोणत्या दिशेने सरकते ते धरलं, तर वीस मिनिटांचं खुरपण बिनघोर होतं. त्यापुढचं रडारलाही सांगता येत नाही, कारण पुढची सर अजून जन्मायची असते.

गारांनी मेथीची पानं चाळणीसारखी केली. पाच दिवसांत नवी येतील. कोथिंबिरीवर जाळी होती, वाचली.

एप्रिलभर न दिसलेल्या गोगलगायी एका आठवड्यात सगळ्या बाहेर. त्यांना मारणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्यांची विक्री 31 मार्चपासून बंद, वापरही पुढच्या मार्चअखेर बंद होणार. प्लॉटवर आधीपासूनच त्यांच्याऐवजी फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या आहेत. मोजून टाकायच्या: गोळ्या एकमेकींपासून दहाएक सेंटीमीटरवर; ढीग केला तर गोगलगाय नाही, शेजारचा कुत्रा खातो. जोडीला सूत्रकृमी पाण्यात कालवून दिले. त्यांना माती 5 च्या वर आणि पुढचे दोन आठवडे ओली लागते. दुसऱ्या अटीची यंदा काळजी नाही.

शुक्रवार, 21 मे

काल रात्रीपासून वादळी वारा, मे महिन्यात सहसा न दिसणारा. पानं भरलेल्या झाडांना तो जानेवारीतल्या वाऱ्यापेक्षा जास्त लागतो, शीड उभारल्यासारखं होतं. प्लमचं एक खांदं मोडलं. प्लम धरलेत मोजून अकरा, तेही आतल्या फांद्यांवर, जिथे फ्लीस दुहेरी पडली होती.

कोल्ड फ्रेमचं झाकण बिजागरीतून उचकटून तीन प्लॉट पलीकडे. 14 मार्चला लिहिलेली अडचण हीच. दुरुस्ती: हुकांच्या जागी दोन्ही कडांना 25 सेंटीमीटरची साखळी, म्हणजे ऑटोव्हेंट उचलू शकेल, वारा उलटवू शकणार नाही, आणि झाकणाच्या पुढच्या पट्टीला आतून दीड किलोची लोखंडी पट्टी. एकूण वजन साडेतीन किलो, ऑटोव्हेंटच्या सात किलोच्या मर्यादेत. पत्रा एका कोपऱ्याला तडकला आहे, टेप लावली.

शनिवार, 29 मे

पावसाचा महिना. वेल्समध्ये तर मे आजवरचा सगळ्यात ओला ठरतो आहे. माती 14, आणि सात रात्रींत किमान 7 च्या खाली गेलं नाही. हा दुसरा आकडा हवा होता. टोमॅटो लावायला ‘मेचा शेवट’ ही तारीख सगळे सांगतात, पण तारीख फसवते. सलग सात रात्री फसवत नाहीत.

टोमॅटोची 12 रोपं लावली, पहिल्या पानापर्यंत खोल, 45 सेंटीमीटरवर, वाऱ्याच्या बाजूला काठी. तीन रोपं राखीव, फ्रेममध्ये. रनर बीन्स थेट मातीत, 5 सेंटीमीटर खोल, प्रत्येक काठीला दोन बिया. मिरची बाहेर नाहीच. ती फ्रेममध्येच मोठी होईल, झाकण काढून.

सोमवार, 31 मे

पुन्हा बँक हॉलिडे, आणि चक्क ऊन. प्लॉटवर 24, मार्चअखेरीनंतर पहिल्यांदाच. मधले सगळे दोन महिने वजा.

इथली एक म्हण आहे, ‘मे’ सरेपर्यंत अंगावरचं कापड काढू नये. त्यातला ‘मे’ महिना की त्याच नावाने ओळखलं जाणारं हॉथॉर्नचं फूल, यावर वाद चालतो. कुंपणातला हॉथॉर्न अजून पांढरा आहे. फ्लीस धुऊन, वाळवून, घडी घालून शेडमध्ये ठेवली, पण वरच्याच फळीवर.

स्विफ्टच्या एका झाडाखाली बोटांनी उकरून पाहिलं: सर्वांत मोठा बटाटा सुपारीएवढा. दुधी चार पानांवर, अजून फ्रेममध्ये. रात्रीचं किमान आज 9.